पायरीवरची टाच

सारिका घोडकेला आयुष्यात एकच गोष्ट मनापासून हवी होती. असं दार, ज्याची दुसरी किल्ली जगात कुणाकडेही नसेल. लोक बंगला मागतात, गाडी मागतात, मुलीसाठी परदेशातला जावई मागतात. हिचं मागणं ऐकून तिची मिरजेची मावशीसुद्धा हसली होती. पण मावशीचं काय, ती जन्मभर स्वतःच्या घरात राहिलेली. दुसऱ्याच्या दारात राहणाऱ्याचं दुखणं तिला कुठून कळणार?

लहानपणी पोलीस लाइनीतली खोली, तिची दुसरी किल्ली चौकीत टांगलेली. मग वसतिगृह, तिथं रेक्टरबाई वाटेल तेव्हा दार उघडून आत. मग भाड्याच्या खोल्या, आणि 'सहज आलो होतो, नळ गळतोय का बघायला' म्हणत ओट्यापर्यंत येणारे घरमालक. मध्ये थोडी वर्षं संसारही झाला. तो कसा संपला हे सारिका कुणाला सांगत नसे. एका संध्याकाळी ती कामावरून घरी आली, किल्ली कुलपात घातली आणि ती फिरेना. नवऱ्याने दिवसा माणूस बोलावून कुलूप बदलून घेतलं होतं. आत दिवा होता, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, सासूबाई कुणाशी तरी फोनवर हसत होत्या. सारिकाने बेल वाजवली नाही. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मग जिना उतरून निघून गेली. ती निरुपयोगी किल्ली पुढं कित्येक वर्षं तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होती.

म्हणून सांगली-मिरज रस्त्यावरच्या प्राजक्त कॉलनीतलं, बँकेने जप्त केलेलं एक बैठं घर लिलावात तिच्या नावावर सुटलं, तेव्हा ती आनंदाने रडली. दवाखान्यात क्ष-किरण विभागात ती काम करी. तिथल्या मैत्रिणींनी नाकं मुरडली. जप्तीच्या घरात तळतळाट असतो म्हणे. सारिका म्हणाली, तळतळाट भाड्याच्या घरातही असतो, आणि वर भाडंही द्यावं लागतं.

ताब्याच्या दिवशी बँकेचा अधिकारी आला. त्याने मीटरच्या पेटीमागची झडप उघडून एक पोलादी किल्ली फिरवली. दार उघडलं. किल्ली तिच्या हातावर ठेवत तो म्हणाला, "मॅडम, उंबऱ्या जुन्या मालकाच्याच ओळखीचा आहे. महिन्याभरात भाजून घ्या आणि किल्ली परत आणून द्या. नाही भाजलात तर पुढची जोखीम तुमची."

उंबऱ्या हे काही कंपनीने ठेवलेलं नाव नव्हे. कंपनीचं नाव लांबलचक होतं आणि लोकांनी ते पहिल्याच वर्षी टाकून दिलं. वस्तू अशी, की दाराच्या उंबरठ्याखाली वीतभर रुंदीची एक फरशी. दिसायला साधी चिनीमातीची. पण त्या मातीचा गुण असा, की तिला थरथर जाणवली की तिच्यातून बारीकशी वीज वाहते, आणि एकदा जिथून वीज गेली तिथून पुन्हा जायला तिला थोडं सोपं पडतं. माळावर माणसं चालून चालून पायवाट पडते ना, तसंच. फाटकापासून दारापर्यंत माणूस चालत येतो, त्याच्या पावलांची थरथर जमिनीतून फरशीपर्यंत पोचते. प्रत्येकाची चाल वेगळी, म्हणून मातीतली वाटही वेगळी. वाट ओळखीची निघाली की दाराची खिटी आपोआप मागे सरकते. ना आकडा, ना बोटाचा ठसा, ना चेहरा. चोराला चोरायला काही नाही आणि मालकाला नक्कल काढून ठेवायलाही काही नाही. पायवाट उचलून दुसऱ्या माळावर कशी नेणार?

नव्या माणसाची ओळख करून द्यायची तर रीत सोपी होती. दार उघडतं त्या क्षणी फरशीतून एक जोराचा प्रवाह जातो आणि त्या वेळी मातीत जाग्या असलेल्या सगळ्या वाटा तो पक्क्या करतो. म्हणून ओळखीच्या माणसाने नव्याचा हात धरायचा आणि फाटकापासून बरोबर चालत यायचं. काही दिवस असं केलं, की नव्याची वाट आपली आपण पडते. याला लोक हातधरणी म्हणू लागले. नवरीची हातधरणी माप ओलांडायच्या आधी होई आणि घर विकणारा घेणाऱ्याची हातधरणी करून देई. त्याशिवाय व्यवहार पुरा झाला असं कुणी मानत नसे. जप्तीच्या घरात मात्र हातधरणीला कोण येणार? तिथं फरशीच्या पोटातली तार तापवून ती भाजायची. भाजली की सगळ्याच वाटा पुसल्या जातात. एखादी ठेवायची आणि बाकीच्या पुसायच्या, अशी सोय तिच्यात नव्हती.

सारिकाचं सामान लावून होतंय न होतंय, तोच फाटक वाजलं. खिटी खटकन सरकली आणि दार आपलं आपण उघडलं. सारिका हातातला डबा घेऊन तशीच उभी राहिली. अंगणात सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ थबकले होते, इस्त्रीचा सदरा, हातात नारळ आणि हळकुंडांची पुडी. दार उघडल्याचं त्यांनाच जास्त ओशाळं वाटत होतं. बेल वाजवणार होतो हो, ते म्हणाले, पण हे आधीच उघडलं. ते हेमंत कुंभोजकर, या घराचे आधीचे मालक. हातधरणी करून द्यायला आले होते.

सारिकाने हातातला डबा खाली ठेवला. पहिल्याच आठवड्यात परका पुरुष हात न लावता तिच्या घराचं दार उघडतो, म्हणजे काय? तिने पाणी दिलं, नारळ घेतला आणि स्पष्ट सांगितलं की भाजणाऱ्याला बोलावलेलं आहे, हातधरणीची गरज नाही. कुंभोजकरांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग शंतनूचं सांगितलं.

शंतनू त्यांचा एकुलता एक. आई तो शाळेत असतानाच गेली. मोठा झाल्यावर त्याने तासगावकडे बेदाण्याचं शीतगृह काढलं. कॉलनीतल्या निम्म्या घरांनी त्यात पैसे घातले आणि वडिलांनी घर गहाण ठेवलं. दुसऱ्याच उन्हाळ्यात यंत्रं बंद पडली, माल काळा पडला, सगळं बुडालं. लोक दारात येऊन बोलून गेले. एका पहाटे शंतनू फोन टेबलावर ठेवून निघून गेला तो गेलाच. कुंभोजकर आता माधवनगरला बहिणीकडे राहत. पोराला तो पत्ता सुचणारही नाही, कारण आत्याशी त्यांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. आणि शेजाऱ्यांना तो विचारणार नाही, त्यांचेच तर पैसे त्याने बुडवले.

"तो आला तर इथंच येईल," कुंभोजकर म्हणाले. "कुणी बघत नाहीसं पाहून येईल. पण बेल वाजवणार नाही हो. बेल वाजवायला तोंड लागतं. दार आपलं आपण उघडलं तर आत येईल, नाही तर आल्या पावली परत जाईल."

सारिकाला वाईट वाटलं. पण वाईट वाटणं वेगळं आणि आपलं दार दुसऱ्याच्या पोरासाठी उघडं ठेवणं वेगळं. तिने हात जोडले आणि नाही म्हटलं. म्हातारा समजूतदार निघाला. उठताना उंबरठ्याला हात लावून नमस्कार केला आणि गेला. हे त्याने करायला नको होतं, असं सारिकाला नंतर दिवसभर वाटत राहिलं.

भाजणारा आला तो घाईतच होता. पेटी उघडली, तारा जोडल्या, आणि रोजच्या सवयीने विचारलं, "कुणाची वाट राहिली नाही ना यात? नंतर रडत येतात लोक." सारिका नाही म्हणायला गेली आणि तिच्या डोळ्यांसमोर एकदम तो जिना आला, आतला दिवा, कुकरच्या शिट्ट्या, हातातली न फिरणारी किल्ली. त्या दाराच्या आत तेव्हा एक जरी माणूस असं असतं, की ज्याने कुलूपवाल्याला 'थांब जरा' म्हटलं असतं. तिने भाजणाऱ्याला त्याची मजुरी दिली आणि म्हणाली, दिवाळी होऊ दे, मग बघू. तो डोकं खाजवत गेला. सारिका स्वतःवरच इतकी चिडली की त्या दिवशी तिने दोन्ही खोल्या पुन्हा धुवून काढल्या.

मग कुंभोजकरांना बोलावणं गेलं आणि हातधरणी सुरू झाली. तिला मुळीच कल्पना नव्हती की चालणं इतकं अवघड असतं. म्हाताऱ्याचा हात धरायचा, फाटकापासून निघायचं, बोलायचं नाही, उगाच जपून चालायचं नाही. शेजारच्या गच्चीवरून बायका बघत. सारिकाला हसू येई आणि हसलं की चाल बिघडे. वर कुंभोजकरकाकांची एक खोड. पायरी चढण्याआधी ते उजवी टाच पायरीवर दोनदा आपटत. टक, टक. लहानपणी ते कृष्णाकाठच्या काळ्या मातीच्या गावात वाढले. चिखलाचे गोळे पायाला चिकटत, आणि आई टाच आपटल्याशिवाय घरात घेत नसे. आता सगळीकडे सिमेंट, चिखल औषधालाही नाही, पण टाच काही राहिली नाही. शंतनूला चालायला आलं तेव्हापासून तोही आपटायचा, ते सांगत आणि पुन्हा फाटकाकडे वळत.

हात धरून चालताना दुसऱ्याची लय अंगात शिरतेच. दोनचार दिवसांत सारिकाचीही टाच आपटू लागली, आणि मिसळलेल्या पावलांत उंबऱ्याला काका टाचेपाशीच ओळखू येत, म्हणून त्याने तिची वाट पाडली ती त्या टाचेसकट. हे लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. एकटी आली, टाच न आपटता पायरी चढली, तर दार ढिम्म. मागे जाऊन, पुन्हा फाटकापासून येऊन टक टक केलं की उघडे. घराची मालकीण ही, कागद हिच्या नावावर, आणि आपल्याच घरात शिरायला कुंभोजकरांच्या आईची शिस्त पाळायची. मावशीला सांगितलं तर ती हसून हसून बेजार झाली. सारिकाने बँकेला पोलादी किल्ली परत केली आणि जोखीम आपली म्हणून सांगून आली.

काका गुरुवारी येत. वाट मोडू नये म्हणून, असं म्हणत, पण बेत चहाचा असे. दार त्यांच्यासाठी फाटकातच उघडे. सारिकासाठी मात्र पायरीशी आल्यावर, तेही विचार केल्यासारखं. मुरलेली वाट लवकर कळते, काका समजूत घालत, तुमचीही मुरेल. तिला हेवा वाटे. काका आत येत, पण कधी दुसऱ्या खोलीत डोकावत नसत. खुर्ची मात्र अशी धरत की फाटक दिसावं. बोलता बोलता रस्त्यावर पाऊल वाजलं की त्यांचं वाक्य अर्ध्यात तुटे, पाऊल पुढं गेलं की ते पुन्हा जोडत. सारिका पहिल्यांदा हे बघून स्वयंपाकघरात निघून गेली होती. हळूहळू तीही थांबायला लागली. कोण कुठला तो शंतनू, तिने त्याला काकांनी दाखवलेल्या एका फोटोशिवाय पाहिलेलं नव्हतं. पण पाऊल जवळ आलं की तिचीही नजर फाटकाकडे जाई आणि दूर गेलं की घर रिकामं वाटे. आपल्या नावाची पितळी पाटी तिने हौसेने करून आणली होती. ती अजून कपाटातच होती. परकं नाव बघून पोरगा फाटकातूनच फिरेल, असं काका एकदा म्हणाले होते, तेही अगदी सहज.

दिवाळी आली आणि गेली. भाजायचा विषय कुणी काढला नाही.

दिवाळीनंतर एका गुरुवारी काका आले नाहीत. चौकशी केली तर अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. जीव वाचला, बोलणं सुधारलं, उजवा पाय मात्र गेला तो गेलाच. बऱ्याच दिवसांनी एका गुरुवारी रिक्षा फाटकाशी थांबली. सारिकाने खिडकीतून पाहिलं. काका काठी टेकत, उजवा पाय ओढत अंगणातून येत होते. तिला वाटलं होतं दार उघडेल, म्हणून ती उठलीच नाही. दार उघडलं नाही. काका पायरीशी पोचले. टाच उचलायचा प्रयत्न केला, ती उचलेना. ते दाराकडे बघत राहिले, आणि खिटी जागची हलली नाही.

सारिका धावत गेली तेव्हा ते पायरीवर बसले होते. हळूहळू बदललेली चाल उंबऱ्याला कळते, वाट तिच्याबरोबर सरकत जाते. पण एका रात्रीत बदललेल्या माणसाला तो ओळखत नाही. हे दोघांनाही ठाऊक होतं, पण ठाऊक असणं आणि आपल्याच दारात बसून ते पाहणं यात फार अंतर आहे. काका रडले नाहीत. त्यांचं मन दुसरीकडेच धावलं होतं.

"मला ओळखलं नाही, तर त्याला काय ओळखणार?" ते म्हणाले. "तो तरी तसाच राहिला असेल का? आता भाजून टाका, बाई. तुमचं घर आहे. फार दिवस अडवून ठेवलं मी."

 सारिकाने त्यांना उठवलं, बखोटीला धरून परत फाटकापर्यंत नेलं, आणि त्यांचा मोकळा हात आपल्या हातात घट्ट धरला. मग दोघं निघाली. काठी, ओढलेला पाय, मध्येच थांबणं, पुन्हा काठी. पायरीशी आल्यावर सारिकाने दोघांच्या वतीने टाच आपटली. टक, टक. क्षणभर काहीच झालं नाही आणि मग खिटी सरकली. ज्याने तिला या घरात आणलं त्याची हातधरणी ती करत होती, हे दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं. काका तेव्हा रडले. सारिकाने त्यांना रडू दिलं आणि चहात साखर जरा जास्तच घातली.

पुढच्या गुरुवारपासून ती त्यांना फाटकावर घ्यायला जाऊ लागली. मातीत त्यांची नवी वाट पडायला लागली, पण आशा मात्र त्यांनी सोडलेली दिसत होती. खुर्ची त्यांनी आता भिंतीकडे वळवून घेतली होती. रस्त्यावरून पाऊल गेलं तरी त्यांचं वाक्य तुटत नसे. तुटे ते सारिकाचं. आपण हे काय करून बसलो, असं तिला वाटे. जन्मभर कुणाची वाट पाहिली नाही ती बाई आपण, आणि आता बापाने सोडलेलं वाट पाहणं आपल्या गळ्यात पडलं.

माघातली दुपार होती. कॉलनी जेवून आडवी झाली होती. सारिकाला सुट्टी होती आणि ती बाहेरच्या खोलीत मेथी निवडत बसली होती. फाटक करकरलं. पावलं आली, अनोळखी, एक जड आणि एक हलकं. कुरियरवाला असेल म्हणून तिने मान वर केली नाही. पावलं पायरीशी थांबली.

टक, टक.

सारिकाचा हात जागच्या जागी थांबला. अशी टाच आपटणारी माणसं जगात तिघंच. एक ती स्वतः, आत मेथी निवडत बसलेली. दुसरे काका, ज्यांची टाच आता उचलत नव्हती. तिने खिटीकडे पाहिलं. खिटी हलली नाही. बाहेर काही आवाज नव्हता, बेल नव्हती, हाक नव्हती. त्या शांततेत उभ्या असलेल्या माणसाला काय वाटत असतं, हे सारिकाइतकं कुणाला ठाऊक असणार? मग पावलं मागे वळली. एक जड आणि एक हलकं.

ती उठली तशी मांडीवरची मेथी घरभर झाली. अनवाणीच तिने दार उघडलं. तो फाटकाशी पोचला होता. फोटोतल्यापेक्षा निम्मा, दाढी वाढलेली, आणि डावा घोटा मोडून वेडावाकडा जुळलेला. तेवढं तिला नुसत्या चालीवरून कळलं, क्ष-किरण विभागातलं कामच होतं तिचं ते.

"शंतनू," ती म्हणाली. तो थबकला. "वडील आहेत. माधवनगरला, आत्याकडे. आजारी होते, आता बरे आहेत."

त्याने फाटकाचा दांडा धरला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "मी आत येणार नव्हतो. दार उघडतं का, एवढंच बघायचं होतं."

"उघडलं असतं रे. तुझा पाय मोडला, ते त्याला बिचाऱ्याला कळलं नाही." तिने हात पुढं केला. "चल. फाटकापासूनच यावं लागतं."

"पण हे घर आता..."

"माझं आहे," सारिका म्हणाली. हे वाक्य कुणाला तरी ठणकावून सांगावं म्हणून ती जन्मभर आसुसली होती, आणि आता ते तिने अगदी हळू सांगितलं. "माझंच आहे. म्हणून तर त्याची दुसरी किल्ली कुणाला द्यायची, ते मी ठरवणार."

त्याने हात दिला. हात थंड होता आणि खरखरीत. दोघं अंगणातून चालत आली, ती त्याच्या पायाच्या बेताने. पायरीशी आल्यावर तिने टाच आपटली, आणि त्याने आपटली. खिटी सरकली. सारिकाने हात सोडला नाही. अजून बरेच दिवस असंच यावं लागणार होतं. पसरलेल्या मेथीतून वाट काढत तिने त्याला काकांच्या खुर्चीत बसवलं, आणि मोकळ्या हाताने माधवनगरला फोन लावला.